न समजलेली झडती

मागच्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या आळीत बातमी फुटली, की खुशालरावांना लकवा मारला आणि जीभ गेली. फोडली लीलाबाईनं. ती शेणासाठी त्यांच्या गोठ्याकडे गेली, तर खुशालराव बैलाच्या पाठीवर हात ठेवून, तोंड वाकडं करून "रेबान्यो... रेबान्यो..." असं काहीतरी पुटपुटत होते. लीलाबाईनं घमेलं तिथंच टाकलं आणि पळत सुटली. आजार मग घरोघर वाढत गेला. पहिल्या घरी जीभ गेली होती, पुढच्या घरी उजवा हातही गेला, आणि मारुतीच्या पारापर्यंत पोचता पोचता डॉक्टरांनी हात टेकले. शेजारचा देवमन तर पिशवीत कबुतर घेऊन दारात हजर झाला. लकव्याला कबुतर लागतं, असं त्याची आजी सांगायची.

दार उघडलं खुद्द खुशालरावांनी.

"काय आनलं बे पिशवीत?"

"कबुतर."

"काहून?"

"तुमची जीभ गेली म्हने."

"जीभ गेली असती त तुले शिव्या कोन देल्ल्या असत्या?" असं म्हणून खुशालरावांनी देवमनच्या आज्यापासून सुरुवात केली, आणि आळीचा जीव भांड्यात पडला. जीभ शाबूत होती. उलट म्हातारपणी तिला नवी पालवी फुटली होती. कबुतराला त्यांच्या बायकोनं, रुख्मिणीबाईंनी, मूठभर जवारी टाकली आणि उडवून दिलं.

खरी गोष्ट अशी होती, की खुशालराव स्पॅनिश शिकत होते. तेही बैलांजवळ.

मूर्तिजापूरच्या अलीकडे आमचं गाव. गावात आता बैल कमी आणि ट्रॅक्टर जास्त. ज्यांच्या घरी कधीकाळी चार-चार जोड्या होत्या, त्यांच्या गोठ्यात आता मोटारसायकली बांधलेल्या, म्हणजे उभ्या असतात. खुशालरावांनी मात्र हिरा आणि चांद्या ही जोडी सोडली नाही. "ट्रॅक्टरले पोळ्याले काय पुरनपोळी चारता का डिझेल पाजता?" असा त्यांचा सवाल असायचा. त्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही, कारण उत्तर देणाऱ्यावर पुढच्या पोळ्याला झडती बसायची.

झडती हेच खुशालरावांचं खरं पीक. आमच्याकडे पोळ्याला सजवलेली बैलं आंब्याच्या तोरणाखाली ओळीनं उभी राहिली, की ती सुटण्याआधी झडत्या म्हणायची रीत आहे. झडती म्हणजे चार ओळींचा चिमटा. कोणी सरपंचाला काढतं, कोणी सोयाबीनच्या भावाला, कोणी जावयाला. शेवटी अख्खं गाव "हर हर महादेव" म्हणून ओरडतं आणि सगळ्यांची पोटं हलकी होतात. या कामात खुशालरावांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. लोक मोबाइल उंच करून उभे राहायचे. ज्याच्यावर झडती बसली नाही, तो घरी जाऊन उदास व्हायचा.

पण त्यांचा एक कायदा होता. ज्याच्यावर झडती, तो समोर पाहिजे, त्याला ती कळली पाहिजे, आणि उलटी झडती फेकायला त्याला मोकळीक पाहिजे. एका वर्षी एकानं लग्नाला परगावी गेलेल्या पोलीस पाटलावर झडती म्हटली, तेव्हा खुशालरावांनी भर तोरणाखाली त्याची गचांडी धरली होती. "मानूस समोर नाही अन् झडती म्हनतं? पाठीमागून भुंकते ते कुत्रं असते, झडतीवाला नसते!" हे वाक्य गावात म्हण होऊन बसलं होतं. पुढं ते त्यांच्याच अंगावर येणार होतं, पण कोणाला काय माहीत.

आता सुनेकडे येऊ. मुलगा शिवम, त्याचं मूर्तिजापुरात औषधाचं दुकान. सकाळी जातो, दिवे लागल्यावर येतो. त्याची बायको रागिणी, अकोल्याची. ती घरबसल्या कॉम्प्युटरवरून पोरांना स्पॅनिश शिकवते. कुठं पुण्याची पोरं, कुठं इंदूरची, पडद्यावर चौकटी चौकटीत बसलेली. सासऱ्यात आणि तिच्यात लग्न झाल्यापासून बोलणं असं नव्हतंच. खुशालराव ओसरीत आले की ती आत, ती ओसरीत आली की ते गोठ्यात. कोणाचं वाईट नव्हतं, फक्त काय बोलावं हे दोघांनाही सुचत नव्हतं.

तिच्या खोलीची खिडकी गोठ्याकडे उघडते. एके दिवशी शिकवणीत जनावरांच्या घोळक्यांची नावं चालली होती. रागिणी चित्र दाखवायची आणि पोरं एका सुरात ओरडायची. गोठ्यात खुशालराव खरारा करत होते. ओरडा कानावर पडून पडून हाताला ताल सापडला आणि तोंड आपोआप चालू झालं. त्याच वेळी लीलाबाई शेणाला आली होती. पुढचं आपण ऐकलंच आहे.

लकव्याच्या बातमीनंतर रागिणी खिडकीत आली. हसू दाबून दाबून तिचे डोळे भरले होते.

"बाबा, रेबान्यो बैलांना नाही म्हणत. तो मेंढरांचा कळप असतो."

खुशालराव चोरी पकडल्यासारखे झाले. "म्या त असंच... मंग बैलाले काय म्हनते?"

दुसऱ्या दिवशी तिनं पाहून सांगितलं, "युंता. म्हणजे एका जुवाखाली जुंपलेली दोन बैलं."

खुशालरावांनी हातातला खरारा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे तिकडं बी दोनच जुंपते?"

"दोनच."

"अन् त्याले अलग शब्द हाय?"

"आहे ना."

त्यांनी वळून हिरा-चांद्याकडे पाहिलं, जणू परदेशातून त्यांचा कोणी नातेवाईक निघाला होता. "आयकलं का बे? युंता म्हनते तुमाले."

तेव्हापासून खिडकीतून देवाणघेवाण सुरू झाली. ती एक द्यायची, हे एक द्यायचे. ती म्हणायची पाखरांची बान्दादा, हे म्हणायचे थवा. ती म्हणायची मधमाश्यांची एनहांब्रे, हे म्हणायचे मोहोळ. पाण्यातल्या मासोळ्यांची कार्दुमेन म्हटल्यावर मात्र खुशालराव अडले. आमच्या नाल्यात मासोळीच एखादी असते, तिला घोळका कुठून येणार? रागिणी खिडकीच्या गजांवर कपाळ टेकून हसली. रुख्मिणीबाई चुलीपुढून ओरडायच्या, "शिकून राहिले का बैलाले शिकवून राहिले?" पण आतून त्याही खूश होत्या. त्या घरात हसण्याचा आवाज खिडकीतून येत होता, आणि तो सुनेचा होता.

एक दिवस तिनं आणखी एक शब्द सांगितला. हाउरीया. शिकारी कुत्र्यांची टोळी. वास लागला की एकदम सुटते आणि भुंकत धावते ती. इतर शब्द खुशालराव चार-चारदा विचारायचे. हा त्यांनी एकदाच ऐकला आणि ठेवून दिला.

कोणासाठी ठेवला, ते सांगायला लग्नात जावं लागेल. रागिणीचे वडील केशवराव, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, अंगानं भरलेले, हसरे, मोठ्यानं बोलणारे. मनात काही ठेवत नाहीत, सगळं तोंडावर. लग्नाच्या दिवशी ते अकोल्याच्या मित्रांना घेऊन इवायाचं घर दाखवत फिरत होते. व्याह्याला आम्ही इवाई म्हणतो. गोठ्याच्या दारात उभे राहून त्यांनी हिरा-चांद्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हे पाहा, आमच्या इवायाचं म्युझियम." मित्र हसले. खुशालरावही हसले, कारण वरबाप होते आणि डोक्यावर नवा फेटा होता. पण ते हसू त्या दिवसापासून दातातच अडकून राहिलं होतं. ज्या माणसाला अख्ख्या तालुक्याला उत्तर देता येतं, त्याला त्या दारात एक शब्द सुचला नव्हता.

मग पोळा आला. केशवराव लेकीच्या घरी पहिला पोळा म्हणून दोन गाड्या भरून आले. बहीण, भाचे, पुतणे, त्यांची लेकरं. उतरल्या उतरल्या म्हणाले, "आधी पुरनपोळीचा वास घेऊ द्या, मंग बैलं पाहू!" खुशालरावांनी ते ऐकलं आणि त्यांच्या आत काहीतरी खटकन जागेवर बसलं.

तोरणाखाली त्या वर्षी जोड्या थोड्याच होत्या. पण गर्दी भरपूर, आणि मोबाइल त्याहून जास्त. केशवराव पुढंच उभे होते, हात मागं बांधून, लेकरासारखे खूश. रागिणी त्यांच्या शेजारी फोन वर धरून सासऱ्याची झडती टिपत होती. खुशालरावांनी हिराच्या शिंगावर हात ठेवला आणि आवाज सोडला,

"पोळ्याच्या सनाले पुरनाची पोळी,
अकोल्याहून आली इवायायची टोळी;
वासावर धावली, लावला नाही वेळ,
हाउरीया, हाउरीया, जमला कसा मेळ!"

गाव "हर हर महादेव" म्हणून ओरडलं. शेवटच्या ओळीतलं कोणालाच काही कळलं नव्हतं, पण खुशालरावांची झडती म्हणजे कळायच्या आधीच हसायची सवय होती. सगळ्यांत जास्त टाळ्या केशवरावांनी वाजवल्या. "टोळी म्हटलं बरं का आमाले!" असं शेजारच्याला कोपरानं ढोसत ते हसत होते. टोळी त्यांना चालली. झडतीत ते चालतंच.

खुशालरावांनी विजयानं सुनेकडे पाहिलं. आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. रागिणीचा फोन खाली आला होता. ती रागावलेली नव्हती. रडतही नव्हती. गजातून हात घालून आपण बैलाला प्रेमानं गूळ द्यावा आणि त्यानं शिंग मारावं, तेव्हा माणूस हाताकडे पाहतो ना, तशी ती फोनकडे पाहत होती.

जेवताना पंगतीत केशवरावांनीच विषय काढला. "काय वं बाई, ते हाउरीया म्हंजे काय? तुह्या स्पॅनिशमधलं दिसते."

खुशालरावांच्या हातातला पुरणपोळीचा तुकडा तुपातच राहिला. रागिणी वाढता वाढता थांबली. तिनं एकदा सासऱ्याकडे पाहिलं.

"संग राहते ते, पप्पा," ती म्हणाली. "एक निंगालं का सारे संग निंगते. कोणी कोणाले सोडत नाही."

तिनं एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. फक्त ते कोण, एवढंच सांगितलं नव्हतं.

केशवरावांचा चेहरा उजळला. "पाहा! अन् म्या समजलो इवायाले आपला राग हाय. मानूस असावा त असा. वाढ बाई, इवायाले तूप वाढ."

आणि रागिणीनं तूप वाढलं. "घ्या, मामाजी."

मामाजी! चार महिने जी बाबा म्हणत होती, ती. पंगतीत कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्याच्या यायला पाहिजे होतं, त्याच्या आलं. आणि त्या दिवसापासून तिची शिकवणी कानात इअरफोनचे बोळे घालून, खिडकी लावून चालू लागली. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, तोंडावर नाराजी नाही. खिडकी मात्र बंद. गोठ्यात फक्त रवंथाचा आवाज.

रुख्मिणीबाईंपासून किती दिवस लपणार? त्यांनी एका दुपारी धान्य निवडता निवडता विचारलं, "काय म्हटलं तुमी तिच्या बापाले?"

खुशालरावांनी सांगितलं. रुख्मिणीबाईंचे हात थांबले.

"पाठीमागून भुंकते ते कोन असते? तुमीच सांगता ना साऱ्या गावाले?"

एवढंच बोलून त्या पुन्हा निवडायला लागल्या. इतक्या वर्षांच्या संसारात खुशालराव पहिल्यांदा उत्तर न देता उठले. हे रुख्मिणीबाईंनी स्वतः शेजारच्या केशरबाईच्या ओट्यावर सांगितलं, म्हणून आळीला ठाऊक.

शिक्षा तिथं संपली असती तरी भागलं असतं. पण केशवराव पडले उत्साही. त्यांनी आपल्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव बदलून 'हाउरीया परिवार' केलं आणि नाव देणारा म्हणून खुशालरावांनाही त्यात घेतलं. आता रोज पहाटेपासून खुशालरावांचा खिसा टिणटिण वाजायचा. "शुभ सकाळ, हाउरीया!" सोबत गुलाबाचं फूल. "हाउरीयातील चि. पार्थला घटक चाचणीत पहिला नंबर!" सोबत पेढा. केशवरावांची थोरली बहीण, वयानं सगळ्यांत मोठी, रोज न चुकता लिहायची, "जय हाउरीया." ते वाचून खुशालरावांना वाटायचं, आपण जमिनीत जावं आणि वरून कोणी तरी वखर फिरवावा. शेवटी ते फोन तुरीच्या पोत्यात ठेवून शेतात जायला लागले. तुरीतूनही टिणटिण ऐकू यायचं.

दसरा झाला. एक दिवस रागिणी गोठ्यात आली. खिडकीत नाही, दारातून, डोक्यावर पदर घेऊन, जशी नवी सून येते तशी.

"मामाजी, पप्पांचं नवं घर बांधून झालंय. फाटकावर नावाचा दगड बसवणार आहेत."

"चांगलं हाय."

"नाव हाउरीया."

खुशालरावांच्या हातातला कडबा खाली पडला.

"मी म्हटलं, नका ठेवू. दुसरं कितीतरी आहे. तर म्हणाले, इवायानं देल्लं नाव हाय, इवायाचा मान हाय."

"तू सांग ना त्यायले, बाई. समजावून सांग."

"काय सांगू?" ती खालीच पाहत होती. "पप्पांना मी काय सांगू? की तुमच्या लेकीच्या सासऱ्यानं तुम्हाला अख्ख्या गावात काय म्हटलं? आणि तो शब्द त्यांना मीच शिकवला?"

हिरा आपला निवांत खात होता. रागिणीनं जाता जाता त्याच्या मानेवरून हात फिरवला, आणि एवढ्यानंच खुशालरावांना अधिक लागलं. सुनेनं बैलांना टाकलं नव्हतं. फक्त त्यांना टाकलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ते घरच्या तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन अकोल्याला निघाले. गाडीत सगळ्या वाटेनं मनात वाक्यं जुळवत होते. ज्यांना उभ्या उभ्या झडती सुचायची, त्यांना एक साधं वाक्य जुळेना. "केशवराव, तो शब्द असा हाय..." नाही. "केशवराव, माही जीभ घसरली..." ते तर खोटं. जीभ कुठं घसरली होती? जीभ चांगली लगाम धरून नेली होती.

केशवराव स्कूटर घेऊन स्टेशनावर हजर. "बरं झालं आले! चला, आधी दगड पाहू." डाळ मांडीवर घेऊन खुशालराव मागं बसले. वाटेत त्यांनी "केशवराव..." म्हणून सुरुवात केली, की केशवराव हॉर्न वाजवायचे आणि म्हणायचे, "घरी बोलू निवांत."

पाथरवटाच्या पत्र्याच्या छपरीत काळ्या दगडाची गुळगुळीत पाटी आडवी ठेवली होती. तिच्यावर खडूनं मोठ्या अक्षरात नाव काढलं होतं. 'हा' कोरून झाला होता आणि 'उ' अर्धा खोदला होता. केशवरावांनी पाथरवटाच्या हातातली छिन्नी घेतली, हातोडी घेतली, आणि दोन्ही खुशालरावांपुढं धरल्या.

"इवाई, एक ठोका तुमच्या हातचा. नाव तुमचं, सुरुवात बी तुमची पाह्यजे होती, पन हा घाई करून बसला."

पाथरवट हसला. खुशालरावांनी छिन्नी घेतली. हातोडी घेतली. 'उ'च्या शेपटावर टोक ठेवलं. आणि हात वर गेलाच नाही.

"केशवराव," ते म्हणाले, "हे कुत्र्यायचं नाव हाय."

"काय?"

"हाउरीया म्हंजे कुत्र्यायची टोळी. शिकारीची. वासावर भुंकत धावते ते. म्या तुमाले ते म्हटलं. समजून उमजून म्हटलं."

पाथरवट पाणी प्यायला म्हणून बाहेर निघून गेला. शहाणा माणूस. केशवराव दगडाच्या काठावर टेकले.

"साऱ्या गावापुढं?"

"हो."

"म्या टाळ्या वाजवल्या."

"हो."

"रागिणीले मालूम होतं?"

"पहिल्यापासून."

"तरी तिनं मले जेवू घातलं तुमच्या पंगतीत." त्यांनी खडूच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "अन् माही बहीन रोज जय हाउरीया लिहून राहिली."

खुशालरावांनी छिन्नी खाली ठेवली. "लग्नात तुमी माह्या बैलायले म्युझियम म्हटलं होतं. तो राग होता."

"मंग तेच म्हनाचं होतं ना तोरनाखाली! म्युझियमवर झडती म्हनाची होती. म्या कान धरला असता. नाही त म्या बी एक म्हटली असती, येडीवाकडी." केशवराव उठून उभे राहिले. "तुमी मले उत्तर द्याची जागाच ठेवली नाही, इवाई. मले मुका करून ठेवलं अन् वरून हसवलं."

खुशालराव हात जोडायला गेले. केशवरावांनी ते हात मध्येच धरून खाली केले.

"माफी मागू नका. मागितली का तुमी मोकळे होसान. मी काहून मोकळं करू तुमाले? माही झडती बाकी हाय. पुढच्या पोळ्याले येतो."

चहा झाला नाही. घर दाखवणं झालं नाही. स्टेशनावर स्कूटर थांबली तेव्हा खुशालरावांनी डाळीची पिशवी परत उचलली, तर केशवराव पुढंच पाहत म्हणाले, "डाळ ठेवा. डाळीनं काय केलं?"

वास्तुशांतीला आमचे खुशालराव गेले, पण सगळ्यांत मागच्या खुर्चीवर बसले. फाटकाला नाव नव्हतं. अजूनही नाही. तो दगड केशवरावांनी परसात पालथा घातला, त्यावर त्यांची बायको कपडे धुते. ग्रुपचं नाव एका रात्रीत परत 'आपला परिवार' झालं. बहिणीनं का म्हणून विचारलं, तर केशवरावांनी लिहिलं, "लहान नाव बरं पडते." कोणालाही, अगदी बायकोलाही, त्यांनी काही सांगितलं नाही. ते कुठं बोलले असते, भांडले असते, आमच्या आळीपर्यंत शिव्या आल्या असत्या, तर खुशालरावांना झोप लागली असती. केशवरावांच्या गप्प राहण्यानं खुशालरावांची शेतातली वाट लांब केली. माणूस चालता चालता मध्येच थांबायचा, आणि बांधाकडे पाहून "छ्या" म्हणायचा. देवमननं पाहिलंय.

घरी रागिणी "मामाजी" म्हणतच राहिली. फक्त फाल्गुनात कधीतरी खिडकीची एक फळी उघडी दिसायला लागली. आतून पोरांचा ओरडा यायचा. खुशालराव खरारा करायचे, पण तोंड मिटून.

आणि ह्या वर्षीचा पोळा आला. केशवराव एकाच गाडीत आले, बायकोला घेऊन. पुरणपोळीचा वास घेतला नाही. थेट तोरणाखाली जाऊन उभे राहिले. खिशातून कागद नाही, काही नाही, पाठ करून आले होते. रागिणीनं फोन वर धरला. ह्या वेळेला गावाला वाटलं, खुशालराव आता इवायाला सोलणार. तर इवाईच पुढं सरसावला. कचेरीतला गळा, वरची पट्टी लागेना, पहिल्या ओळीला आवाज फाटला. लोक फिदीफिदी हसले. केशवरावांनी खाकरून पुन्हा सुरुवात केली,

"आंबाडीची भाजी, जवारीची भाकर,
इवायाच्या जिभेले परदेशी साखर;
शिवी आनाले गेला समुद्राच्या पार,
वऱ्हाडात शिव्यायचा का दुष्काळ होता यार?"

क्षणभर कोणाला काही उमगलं नाही. मग कोणीतरी विचारलं, "कोनती शिवी वो?" आणि केशवरावांनी सांगितली. हाउरीयाचा अर्थ, मागच्या पोळ्याची झडती, आपल्या टाळ्या, सगळं, अगदी बहिणीच्या जय हाउरीयासकट. एवढा मोठा हशा त्या तोरणाखाली कधी झाला नव्हता. हर हर महादेव म्हणायचं लोक विसरले. चांद्या बुजला. लीलाबाई तर खालीच बसली. आणि सगळ्या माना खुशालरावांकडे वळल्या. आता उलटी झडती येणार, आणि अशी येणार की अकोल्यापर्यंत ऐकू जाईल.

खुशालराव कासरा धरून उभे होते. मान खाली, कान लाल. केशवराव समोर वाट पाहत होते. रागिणीचा फोन ह्या खेपेला खाली आला नाही. बाजूला देवमन होताच, त्याच्यानं कुठं राहवतंय.

"काय खुशालभाऊ, आता खरंच गेली का जीभ? आनू का कबुतर?"

"जीभ जागेवर हाय, देवमन. इवायानं मले समजीन अशी देल्ली. म्या त्याले तेवढा बी मान देल्ला नोता. मंग उत्तर कोन्या तोंडानं देऊ बे?"